उथळ समुद्राचा नकाशा कोण काढणार?

२०२४ सालाच्या अखेरीस भारताचा समुद्रकिनारा एकाएकी साडेतीन हजार किलोमीटरनी लांबला. ७,५१६ कि.मी. हा आकडा शाळेच्या भूगोलात घोकत आपल्या दोन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने जाहीर केलेला नवा आकडा ११,०९८ कि.मी. असा आहे. समुद्राने मधल्या काळात जमीन परत दिलेली नाही, की नवा प्रांत आपल्याला जोडला गेलेला नाही. सत्तरच्या दशकातील मोजणी १ : ४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी मोजणी १ : २,५०,००० या प्रमाणाच्या नकाशावरून झाली, एवढाच काय तो फरक. जवळून पाहताच पूर्वी सरळ भासणाऱ्या रेषेतील खाड्या, भूशिरे, बेटे दिसू लागली. किनारा होता तेवढाच होता. आपली नजर तोकडी होती.

या घटनेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण तिच्यातून निघणारा अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. जो किनारा डोळ्यांना दिसतो, ज्यावर माणसे चालतात, त्याची लांबी अचूक सांगायला आपल्याला अर्धे शतक लागले; मग त्या किनाऱ्याला लागून पाण्याखाली जे आहे, त्याचे काय? पुळणीपासून पुढे पाच, दहा, पंधरा मीटर खोलीपर्यंतच्या तळावर खडक कोठे आहेत, प्रवाळ कोठे आहेत, समुद्री गवताची कुरणे कोठे पसरली आहेत, नुसती वाळू कोठे आणि चिखल कोठे, हे दाखविणारा, दर काही वर्षांनी नव्याने काढलेला आणि सामान्य नागरिकाला सहज पाहता येईल असा नकाशा आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील किती ग्रामपंचायतींत टांगलेला आहे? किती मच्छीमार सहकारी संस्थांच्या कपाटात आहे? उत्तर वाचकांनी स्वतःच द्यावे.

उथळ म्हणजे क्षुल्लक नव्हे

आपल्या भाषेत ‘उथळ’ हा शब्द निंदाव्यंजक आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र उथळपणा हीच समृद्धी आहे. सूर्यप्रकाश जेथवर तळाला पोहोचतो तेथवरच शेवाळ, समुद्री गवत आणि प्रवाळ वाढतात. त्यांच्या आश्रयाने माशांची पिल्ले वाढतात. आणि तीच पुढे खोल पाण्यात जाऊन आपल्या जाळ्यांत येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे रोपवाटिकेचे महत्त्व, तेच कोळी, गाबीत, खारवी बांधवांच्या दृष्टीने या उथळ पट्ट्याचे. लाटांचा जोर मोडून किनाऱ्याची धूप थोपविण्याचे कामही हेच खडक व हीच कुरणे विनावेतन करीत असतात.

छत्रपती शिवरायांना हे पाणी वाचता येत होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. ती जागा निवडताना भोवतालच्या पाण्याखालील खडकांचा विचार झाला नसेल, असे कोण म्हणेल? माहीतगाराला वाट देणारे आणि परक्या जहाजाचा तळ फोडणारे ते खडक हाच त्या जलदुर्गाचा पहिला तट होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या राज्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी उथळ पाण्याचे मोल कळले, त्याच भूमीच्या आजच्या वारसांना त्या पाण्याचा तळ ठाऊक नसावा, यापरता दैवदुर्विलास तो कोणता?

आकाशातून तळ कसा दिसतो?

पाण्याखालचे पाहण्यासाठी पाण्यात उतरलेच पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पाणबुड्या एका दिवसात पाहून पाहून किती तळ पाहणार? विमानातून, ड्रोनमधून किंवा उपग्रहातून घेतलेले छायाचित्र एका क्षणात मैलोगणती तळ टिपते. यामागील विज्ञान अवघड नाही. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. हिरवा त्याहून खोल जातो. आणि निर्मळ पाण्यात निळा रंग वीस-पंचवीस मीटर खोल तळाला स्पर्श करून परत वर येऊ शकतो. वाळूवरून परतणारा प्रकाश उजळ असतो, गवतावरून परतणारा काळसर, प्रवाळावरून परतणारा निराळ्या छटेचा. या छटांवरून तळाची जात ओळखता येते. परंतु तीच वाळू खोल पाण्यात काळवंडते आणि गवताचा भास निर्माण करते. हा खोलीचा परिणाम दोन रंगांच्या तुलनेने वजा कसा करावा, याची रीत डेव्हिड लायझेंगा या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ साली मांडली, आणि आजही जगभर तिचाच आधार घेतला जातो.

या विद्येने काय साधते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने घालून दिले आहे. २०१६ साली तेथील ‘ग्रेट बॅरियर रीफ’वर समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे प्रवाळ पांढरे पडू लागले, तेव्हा टेरी ह्यूज यांच्या पथकाने विमानातून व हेलिकॉप्टरमधून ९११ प्रवाळभित्तींची पाहणी केली, पाणबुड्यांनी काही ठिकाणी उतरून ती पडताळली. अवघ्या सात टक्के भित्ती निर्लेप राहिल्याचे त्या देशाला हानी घडत असतानाच कळले. त्याच देशाने २००४ साली या विस्तीर्ण सागरी उद्यानाची फेरआखणी केली, तेव्हा आधी तळाच्या स्वरूपानुसार ७० विभाग पाडले आणि मग एकतृतीयांश क्षेत्र मासेमारीस पूर्ण बंद केले. आधी नकाशा, मग नियम. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरील निम्मी भांडणे या उलट्या क्रमातून जन्मली आहेत.

पुढे होतो, मागे का पडलो?

भारताजवळ ही विद्या नव्हती, असे कोणी समजू नये. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा आपला पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्यांत चार रंगपट्टे होते आणि त्यांतील एक निळा होता. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांच्या साह्याने देशातील प्रवाळभित्तींचे नकाशे काढले. १९९७ साली भारतातील प्रवाळभित्तींचे क्षेत्र २,३७५ चौ. कि.मी. असल्याचा अंदाज त्यातून पुढे आला. कच्छच्या आखातात सिमेंटसाठी प्रवाळयुक्त वाळूचा उपसा चालला होता. त्याने झालेला ऱ्हास आणि संरक्षणानंतरची सुधारणा, दोन्ही या चित्रांनी दाखवून दिली. कोणाच्या आरोपाने वा प्रत्यारोपाने नव्हे, चित्राने.

आणि मग १९९५ साली ‘आयआरएस-१सी’ आला. चित्रे अधिक रेखीव झाली. मात्र भूमिनिरीक्षणाच्या मुख्य कॅमेऱ्यातून निळा पट्टा गेला. पिके, जंगले, जमिनीतील ओल यांसाठी उपयुक्त असे अवरक्त पट्टे राहिले, नवा एक आलाही. पण पाण्यात सर्वांत खोल जाणारा डोळा मिटला. २००३, २०११ आणि २०१६ सालच्या ‘रिसोर्ससॅट’ मालिकेतही तो उघडला नाही. ‘ओशनसॅट’ उपग्रहांना निळा रंग दिसतो, पण त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिलेला लहानात लहान ठिपका शेकडो मीटरांचा. त्यात मालवणचे आख्खे बंदर एक-दोन ठिपक्यांत मावते. २०१६ पासूनच्या ‘कार्टोसॅट-२’ मालिकेत आणि २०१९ च्या ‘कार्टोसॅट-३’मध्ये निळा पट्टा परतला हे खरे, पण त्यांचा कॅमेरा एका वेळी जेमतेम दहा ते सोळा कि.मी. रुंदीची पट्टी पाहतो. संपूर्ण किनाऱ्याची वर्षानुवर्षे नियमित नोंद ठेवणे हे त्यांचे काम नव्हे.

शेतीप्रधान देशाने आधी शेत पाहिले, याबद्दल शास्त्रज्ञांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. दोष आहे तो मागणी न करणाऱ्यांचा. शेतीला मंत्रालय होते, खासदार होते, चळवळी होत्या. समुद्राच्या तळासाठी लोकसभेत कोण उभे राहिले? मत्स्यव्यवसायाचे स्वतंत्र केंद्रीय मंत्रालय व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

परिणाम काय झाला, तो पाहा. भारतातील समुद्री गवताचा अलीकडचा सर्वंकष अंदाज सुमारे ५१६ चौ. कि.मी. इतका आहे. त्यातील निम्म्याहून अधिक गवत पाल्कच्या उपसागरात आहे. तेथे समुद्रगायींसाठी तामिळनाडू सरकारने २०२२ साली ४४८ चौ. कि.मी.चे राखीव क्षेत्र घोषित केले. हा अंदाज आपल्या शास्त्रज्ञांनी काढला; परंतु ज्या चित्रांवरून काढला, ती अमेरिकेच्या ‘लँडसॅट-८’ या उपग्रहाची होती. का? कारण तीत निळा पट्टा होता आणि ती विनामूल्य मिळत होती. आपले शास्त्रज्ञ, आपला समुद्र, आपले गवत. डोळा मात्र परक्याचा!

दुसऱ्याच्या दिव्याने आपले घर

जागतिक पातळीवर चित्र याहून बोलके आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या विद्यापीठातून ‘लँडसॅट-७’च्या चित्रांवर जगातील प्रवाळभित्तींचे नकाशे काढले गेले. २०२१ साली ‘अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलास’ पूर्ण झाला. एका अमेरिकी उद्योगपतीच्या देणगीतून, खासगी कंपनीच्या लघुउपग्रहांच्या साह्याने आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांच्या श्रमांतून. २०१८ साली सोडलेला अमेरिकेचा ‘आइससॅट-२’ हिरव्या लेसरच्या किरणाने साऱ्या जगाच्या, म्हणजे आपल्याही, उथळ समुद्राची खोली मोजीत फिरतो आहे. लक्षद्वीपची भूमी अवघी ३२ चौ. कि.मी. आणि तिला वेढणारी प्रवाळसरोवरे सुमारे ४,२०० चौ. कि.मी.; म्हणजे हे द्वीप खरे पाहता पाण्याखालीच आहे. त्याचा नकाशा सहज हवा असेल, तर आज कवरत्तीचा विद्यार्थी परदेशी संकेतस्थळ उघडतो.

यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. ज्यांनी परिश्रम केले, पैसा खर्चिला आणि फळ जगाला फुकट वाटले, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण उसन्या दिव्याला मर्यादा असतात. सगळ्या जगासाठी काढलेला नकाशा निवळशंख पाण्यातील प्रवाळांवर बेतलेला असतो. आपल्या कोकणचे पाणी वेगळे. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि खवळलेला समुद्र. त्यानंतर हिवाळ्याचे दोन-तीन महिने काय ते पाणी निवळलेले. तेव्हाही ओहोटी, कलता सूर्य आणि पडलेला वारा यांचा मेळ जुळला तरच तळ दिसणार. हा मुहूर्त फ्लोरिडात बसून साधत नाही. तो मालवणच्या, हर्णैच्या, श्रीवर्धनच्या माणसालाच साधतो. त्यासाठी हवे आपले ड्रोन, आपले विमान आणि आपला निश्चय. शिवाय दिवा ज्याचा, तो कोठे धरायचा आणि केव्हा विझवायचा हेही त्यानेच ठरवायचे असते, ही गोष्ट स्वाभिमानी राष्ट्राने कधीही विसरू नये.

सुरक्षेच्या नावाने

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे खुले केले तर शत्रूच्या हाती पडतील, असे सांगितले जाते. राष्ट्रीय सुरक्षेविषयी या पानांच्या वाचकांना कोणी नव्याने पाठ देण्याची गरज नाही. म्हणूनच हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे.

१९६७ सालापासून सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या ८० कि.मी. पट्ट्याचे नकाशे निर्बंधांखाली होते. ८० कि.मी. म्हणजे जवळजवळ समग्र कोकण! आपल्याच गावाचा सरकारी नकाशा आपल्यालाच निषिद्ध. मे २००५ मध्ये नवे राष्ट्रीय नकाशा धोरण आले आणि कुलूप थोडे सैल झाले. पुढच्याच महिन्यात ‘गूगल अर्थ’ अवतरला आणि सैल झालेल्या कुलपाला भिंतच उरली नाही. कराचीत बसलेल्या माणसाला मुंबईचा किनारा दिसू लागला; मुंबईतील प्राध्यापकाला मात्र हवाई छायाचित्रासाठी परवानग्यांची चळत उभी करावी लागत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी जे दहा दहशतवादी समुद्रमार्गे आले, त्यांनी ‘कुबेर’ ही आपल्याच मच्छीमारांची नौका बळकावली होती आणि त्यांच्याजवळ उपग्रहाधारित दिशादर्शक होते. आपल्या नकाशांच्या गोपनीयतेने त्यांचे काही अडले नाही. अडले ते आपल्या अभ्यासकांचे आणि आपल्या ग्रामपंचायतींचे.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरील परवानगीराज मोडून काढले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत केले. हे निर्णय खरोखर ऐतिहासिक होत. नौदलाचे तळ, बंदरांचे संवेदनशील भाग यांवर निर्बंध असावेत, नव्हे असलेच पाहिजेत. परंतु प्रवाळाचा खडक आणि शेवाळाचे रान हे गुपित असू शकत नाही. उलट ज्या किनाऱ्यावरील प्रत्येक मच्छीमाराला आपले पाणी इंचन्‌इंच ठाऊक आहे, त्या किनाऱ्यावर परक्याची नौका लपत नाही. दार उघडले गेले आहे. आता प्रश्न असा, की त्यातून आत कोण जाणार?

जे नकाशात नाही, ते कायद्यातही नाही

हा केवळ ज्ञानाचा प्रश्न असता तर विद्वानांवर सोपवून मोकळे होता आले असते. तो कायद्याचा आणि पोटाचाही आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत प्रवाळभित्ती, समुद्री गवताची कुरणे, कांदळवने, कासवांची विणीची स्थळे यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. उत्तमच. पण संरक्षण द्यायचे तर ते स्थळ नकाशावर असले पाहिजे. नकाशावर जे नाही, ते न्यायालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे उदाहरण ताजे आहे. काम सुरू झाले २०१८ मध्ये. मागाहून वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळांचा प्रश्न ऐरणीवर आला. ओहोटीच्या वेळी हौसेने खडक धुंडाळणाऱ्या मुंबईकर तरुणांनी तेथील जीवसृष्टीच्या नोंदी केल्या होत्या. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू ठेवू दिले. २०२० मध्ये काही प्रवाळवसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. रस्ता झाला आणि मुंबईकर तो वापरतो आहे. परंतु मधल्या काळातील खोळंबा आणि कोर्टकज्जे कोणाच्या माथी? मुंबईचे पाणी गढूळ, तेथे उपग्रहाला तळ दिसत नाही, हे मान्य. पण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला ते खडक उघडे पडतात. तेव्हा ड्रोनने काही सकाळींत त्यांचा नकाशा निघाला असता. रस्त्याचा आराखडा काढण्यापूर्वी तो निघाला असता, तर ना प्रवाळ हलवावे लागते, ना काम अडते.

तोच प्रश्न आज वाढवणला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या या बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घातला जायचा आहे. सागरी व्यापारात भारताने अग्रस्थानी जायचे तर मोठी बंदरे हवीत, याविषयी दुमत नसावे. पण तेथील मच्छीमार म्हणतो, ‘आमच्या माशांच्या पैदाशीची जागा जाते आहे.’ त्याला ‘विकासविरोधी’ म्हणून हिणविणे हे उत्तर नव्हे. त्याच्यासमोर त्याच्या भाषेत तळाचा नकाशा पसरणे आणि ‘दाखवा, कोणती जागा?’ असे विचारणे, हे उत्तर होय. त्याचे खरे असेल तर भरपाई आणि पर्याय त्याच नकाशावरून ठरतील. नसेल तर शंका त्याच नकाशाने फिटेल. समुद्रावर जगणाऱ्या या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देशाच्या सीमेवर विनावेतन पहारा दिला आहे. त्याला निदान एवढा मान मिळायला नको काय?

दोन ढोंगे

या विषयात दोन पक्ष नेहमी हिरिरीने भांडताना दिसतात आणि नकाशा नसणे हे दोघांच्याही पथ्यावर पडते. एक पक्ष वातानुकूलित दालनांत समुद्र वाचविणाऱ्यांचा. तळ पाहिलेला नसला की प्रत्येक खडक ‘दुर्मीळ’ म्हणता येतो आणि प्रत्येक प्रकल्प ‘विनाशकारी’. दुसरा पक्ष ठेकेदारांचा आणि त्यांना अहवाल पुरविणाऱ्यांचा. तळ पाहिलेला नसला की ‘प्रकल्पस्थळी उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही’ हे वाक्य निर्धास्तपणे छापता येते. एकाला भीती विकायची असते, दुसऱ्याला भराव. दोघांच्या मध्ये सत्य बुडते आणि त्याच्याबरोबर मच्छीमार.

मालवणचा इतिहास यासाठीच अभ्यासण्याजोगा आहे. एप्रिल १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे २९.१२ चौ. कि.मी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्यातील ३.१८ चौ. कि.मी. गाभा. हेतू निःसंशय चांगला होता; तेथील प्रवाळ आणि शेवाळाची राने खरोखर जपण्याजोगी आहेत. पण हद्दीचे वर्णन काय? किनाऱ्यापासून इतके मीटर, अमुक खडकापासून तमुक दिशेला. रापण ओढणाऱ्याने ते कसे समजून घ्यावे? कशासाठी काय बंद होणार, हे त्याला कोणी दाखविले नाही. त्याला फक्त ‘अभयारण्य’ हा शब्द ऐकू आला आणि पोटात गोळा उठला. विरोध झाला, तो वर्षानुवर्षे टिकला आणि अभयारण्य बव्हंशी कागदावर राहिले. दरम्यान पर्यटन वाढले. प्रवाळ पाहायला येणाऱ्यांच्या होड्यांचे नांगर प्रवाळांवरच पडू लागले. मच्छीमाराला नको असलेले बंधन आले नाही, आणि प्रवाळाला हवे असलेले संरक्षणही आले नाही. एका चित्राअभावी दोघांचे नुकसान झाले.

आणि ज्याला आपण अडाणी समजतो, त्याच्याजवळ या चित्राचा अर्धा भाग आधीपासून आहे. किनाऱ्यावरील डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून समुद्रातील नेमकी जागा ओळखणारा तांडेल हा चालताबोलता नकाशा असतो. आकाशातील छायाचित्रात काळा डाग दिसतो. तो गवत आहे, खडक आहे की खोल डोह, हे ठरविण्यासाठी जागेवर जाऊन खातरजमा करावीच लागते. जगातील कोणताही शास्त्रज्ञ त्याशिवाय आपल्या नकाशावर विश्वास ठेवीत नाही. ती खातरजमा आपला तांडेल एका वाक्यात करू शकतो. विज्ञान आणि परंपरा यांचा मेळ घालण्याच्या गप्पा आपण व्यासपीठांवरून पुष्कळ ऐकतो. तो प्रत्यक्ष घालण्याची जागा ही आहे.

आता मागणी हवी

तेव्हा नुसती हळहळ पुरे. मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, दर हिवाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा विमानाने वा ड्रोनने टिपला जावा आणि त्यावरून तळाचा नकाशा काढला जावा. दोन, भूमिनिरीक्षणाच्या पुढील भारतीय उपग्रहांत निळा पट्टा परत यावा. अकरा हजार किलोमीटर किनारा असलेल्या देशाला निळा डोळा ही चैन नव्हे. तीन, नकाशा मराठीत, स्थानिक खडकांच्या आणि खाड्यांच्या रूढ नावांसह, प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत व मच्छीमार संस्थेत लावला जावा. चार, किनाऱ्यावरील कोणत्याही मोठ्या प्रकल्पाची परवानगी अशा पूर्वीच्या, स्वतंत्रपणे काढलेल्या नकाशाशी बांधली जावी. प्रकल्पवाल्यानेच पैसे देऊन मागाहून काढवून घेतलेल्या अहवालाशी नव्हे. पाच, या पाहणीत रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचे आणि किनाऱ्यावरील इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी तसेच कोळीवाड्यांतील तरुण घेतले जावेत. ड्रोन उडविणे हे आज दहावी-बारावी झालेल्या मुलालाही शिकता येण्यासारखे कसब आहे. त्यातून गावातल्या गावात रोजगारही उभा राहील.

हे सारे सरकारच करील अशी वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नसावा. किनारी जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या गावापासून आरंभ करावा. जाणत्या तांडेलांना एकत्र बसवून पाण्यातील जागांची नावे आणि खुणा वहीत उतरवून घ्याव्यात. ही पिढी गेली की ती नावेही जातील. मग आकाशातून कितीही रेखीव चित्र आले तरी त्यावर लिहायला शब्द उरणार नाहीत. शहरातील वाचकांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे आणि विचारावे, ‘आपल्या मतदारसंघाच्या पाण्याखाली काय आहे, हे आपण पाहिले आहे काय?’

विजयदुर्गापासून सुमारे १०५ कि.मी. अंतरावर भर समुद्रात एक विस्तीर्ण बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस मीटरवर असून त्यावर प्रवाळांची समृद्ध सृष्टी आहे. दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांच्या नावाने तो आजही ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखला जातो. ज्याच्या नावाने युरोपीय आरमारांना धडकी भरत असे, त्या सरखेलाचे नाव परक्यांच्या नकाशातही टिकून राहिले. त्या नावाखालचा तळ तरी आता आपण स्वतः पाहावा, आपल्या डोळ्यांनी मोजावा आणि आपल्या भाषेत लिहून ठेवावा. दर्याला नारळ वाहणाऱ्या समाजाचे एवढे तरी कर्तव्य आहेच.